फ्रेंच सुनीत उलगडायचं कसं? आधी अभंग मोजून बघा

अकरावीला मार्क बरे पडतात म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं पुढे तीच भाषा पदवीला घेतात, आणि एक दिवस समोर सुनीत, म्हणजे सॉनेट, ही चौदा ओळींची कविता येते. खाली प्रश्न: रूप आणि नाद यांचं विश्लेषण करा. नोट्समध्ये अलेक्झांड्रिन, सेझ्यूर, आँझांबमाँ अशी नावांची माळ असते. ती पाठ होते, उत्तरात उतरते, आणि मार्क मात्र निम्मेच पडतात. हे साहजिक आहे. डॉक्टरनं रोग्याच्या हाडांची नावं म्हणून दाखवली तर त्याला कुणी निदान म्हणत नाही.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तेवढा परका नाही. फ्रेंच ओळ मोजायला लागणारा कान अभंगानं आपल्याला आधीच दिलेला आहे. फक्त तो वापरायचं कुणी सुचवत नाही, कारण सुनीत आपल्यापर्यंत इंग्रजीच्या वाटेनं आलं आणि आपण फ्रेंच ओळसुद्धा इंग्रजीच्या फूटपट्टीनं मोजायला जातो.

एक कविता हातात घेऊ

उदाहरणाला आर्थर रँबोची ‘ल दॉर्मर द्यू व्हाल’, म्हणजे ‘खोऱ्यातला झोपलेला’, ही कविता घेऊ. हस्तलिखितावर ऑक्टोबर 1870 अशी नोंद आहे. रँबोचा जन्म 20 ऑक्टोबर 1854चा, म्हणजे कवी जेमतेम सोळा वर्षांचा. फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध जुलैत पेटलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला सदाँ इथे फ्रेंच सैन्याचा पाडाव होऊन खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला, आणि रँबोचं शार्लव्हिल गाव तिथून फार लांब नाही.

कवितेत घडतं ते एवढंच. एक हिरवा खळगा आहे, नदी गाते आहे, गवतावर चांदीच्या चिंध्या लटकल्यासारखं पाणी चमकतं आहे. एक तरुण सैनिक तोंड उघडं टाकून, डोक्यावर काही नाही, थंडगार निळसर पाल्यात मान रुतवून झोपला आहे. पाय फुलांत आहेत. आजारी मूल हसेल तसा तो हसतो आहे. कवी निसर्गाला म्हणतो, याला ऊब देऊन जोजव, याला थंडी वाजते आहे. सुगंधानं त्याच्या नाकपुड्या थरथरत नाहीत. छातीवर हात ठेवून तो उन्हात झोपला आहे, शांत. आणि शेवटी: त्याच्या उजव्या कुशीत दोन लाल भोकं आहेत.

फ्रान्समधली शाळकरी मुलं ही कविता पिढ्यान् पिढ्या शिकत आली आहेत. आपल्याला ती सोयीची, कारण ती नियम पाळते आणि मोडते, दोन्ही अगदी उघड्यावर.

आधी शब्द न वाचता पान बघा

चौदा ओळी 4-4-3-3 अशा गटांत पडलेल्या दिसतील. चार ओळींच्या गटाला कात्रँ म्हणतात, तीन ओळींच्या गटाला तेर्से. शेक्सपिअरच्या घाटाचं इंग्रजी सुनीत 4-4-4-2 असतं, तिथे शेवटच्या दोन ओळी जोडीनं येऊन टोला हाणतात. फ्रेंच घाटात ही सोय नाही. आठव्या ओळीनंतर कविता अरुंद होते, आणि अर्थाचं वळण तिथे यावं अशी जुनी अपेक्षा आहे. ती मनात ठेवा, कारण रँबो तिच्याशीच खेळणार आहे.

मोजणी: सहा आणि सहा

‘सुंदर ते ध्यान’ हे बोलून बघा. बोलताना आपण सुं-दर्-ते-ध्यान् म्हणतो, चार उच्चार. पण अभंगात ते सुं-द-र-ते-ध्या-न असं सहा अक्षरांचं होतं. बोलताना गिळलेला ‘अ’ पद्यात परत येतो. मोठ्या अभंगाचे 6-6-6-4 हे चरण या परत आलेल्या ‘अ’शिवाय भरतच नाहीत. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, टाळ-मृदंगाबरोबर कानात बसलेलं असतं.

फ्रेंचमध्ये नेमकं हेच होतं. तिथे शब्दाच्या शेवटी लिहिलेला पण बोलताना बहुधा न ऐकू येणारा एक दुबळा स्वर असतो. त्याला आपण ‘गळका अ’ म्हणू. कवितेची आठवी ओळ बोलल्यासारखी म्हटली तर अशी होते:

पाल्-दाँ-सों-ली-व्हेर, ऊ-ला-ल्यू-म्येर्-प्लऽ

पाच आणि पाच, एकूण दहा. पद्यात मात्र ती अशी वाचायची:

पा-ल-दाँ-सों-ली-व्हेर ‖ ऊ-ला-ल्यू-म्ये-र-प्लऽ

सहा आणि सहा. (चंद्रबिंदू दिसला की स्वर नाकातून.) या बारा अक्षरी ओळीला अलेक्झांड्रिन म्हणतात. नाव पडलं ते बाराव्या शतकातल्या, सिकंदरावरच्या एका लांबलचक फ्रेंच काव्यावरून. आपल्या दृष्टीनं ती अभंगाच्या दोन सहा अक्षरी चरणांची जोडी आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गळक्या ‘अ’चे नियम तीन. पुढे व्यंजन आलं तर तो मोजायचा. पुढे स्वर आला तर तो गिळायचा. ओळीच्या अगदी शेवटी असेल तर मोजायचा नाही. तिन्ही नियम पहिल्याच ओळीत सापडतात:

से-तँ-त्रू-द-व्हेर-द्यू ‖ रू-शाँ-त्यू-न-रि-व्ह्येर

‘व्हेर्द्यूर’ म्हणजे हिरवळ. तिच्या शेवटचा ‘अ’ पुढच्या ‘ऊ’त विरघळला आणि ‘रू’ झाला. ‘शाँत’ म्हणजे गाते, त्याचा ‘अ’ ‘यून’ या शब्दात गेला. त्याच ‘यून’च्या शेवटचा ‘अ’ मात्र पुढे ‘रि’ आल्यामुळे वाचला आणि ‘न’ हे स्वतंत्र अक्षर मिळालं. शेवटच्या ‘रिव्ह्येर’चा ‘अ’ ओळीच्या काठावर आहे, तो सोडून द्यायचा.

मोजणी चुकते कुठे

बेरीज 13 आली तर बहुतेक वेळा ओळीच्या शेवटचा ‘अ’ मोजलेला असतो, किंवा स्वरापुढचा गिळायचा राहिलेला असतो. 11 आली तर दोन ठिकाणी संशय घ्या. एक म्हणजे व्यंजनापुढचा ‘अ’ सुटला असेल. दुसरं ठिकाण फसवं आहे. नवव्या ओळीतला ‘सूरियाँ’, म्हणजे हसणारा, हा शब्द बोलताना सू-र्याँ असा दोन अक्षरांत आटोपतो, पण पद्यात सू-रि-याँ असा तीन अक्षरांत पसरतो. या फोडणीला द्येरेझ म्हणतात. हसू ओळीत एका अक्षरानं लांबतं, म्हणून नोंद करण्यासारखं आहे.

तिसरी फसगत अनेकवचनाची. शेवटच्या ओळीत ‘रूझ’, लाल, याच्यापुढे ‘ओ’ हा स्वर आहे. मग ‘अ’ गिळायचा? नाही. अनेकवचनाचा न ऐकू येणारा ‘स’ मध्ये भिंतीसारखा उभा आहे. तो ‘झ’ होऊन पुढच्या स्वराला चिकटतो आणि ‘अ’ शाबूत राहतो: रू-झ-झो. हा एक ‘स’ नजरेतून सुटला की ओळ अकरावर येते आणि कवीलाच चुकल्याचा शिक्का बसतो.

लिहिलेला ‘ह’ फ्रेंचमध्ये उच्चारला जात नाही, पण त्याचे दोन स्वभाव आहेत आणि दुसऱ्या ओळीत दोन्ही शेजारी बसले आहेत. ‘एर्ब’, गवत, यातला ‘ह’ मवाळ आहे, तो मागच्या शब्दाला जोडू देतो: ओ-झेर्ब. ‘आयों’, चिंध्या, यातला ‘ह’ ताठ आहे, तो जोडू देत नाही: दे-आयों. ‘देझायों’ म्हटलं की फ्रेंच माणसाचा कान टवकारतो. कोणता ‘ह’ कसा, हे शब्दकोशात बघावं लागतं. डोळ्यांना कळत नाही.

ओळीच्या पोटातला विसावा

सहाव्या अक्षरानंतरच्या थांब्याला सेझ्यूर म्हणतात. आपल्याकडे यती. शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरं असतात आणि यती बाराव्यानंतर येते. मराठी सुनीतं याच वृत्तात पुष्कळ लिहिली गेली, तेव्हा कल्पना ओळखीची आहे. एक फरक मात्र मोठा. शार्दूलविक्रीडितात प्रत्येक अक्षर लघु की गुरू हे आधीच ठरलेलं असतं. फ्रेंचमध्ये लघु-गुरू नाहीत. इंग्रजीसारखे प्रत्येक शब्दात ठरलेले आघातही नाहीत, आघात शब्दांच्या गटाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो. म्हणून तिथे गणती आणि थांबा एवढाच सांगाडा. फ्रेंच ओळीवर ‘आयँबिक’ (इंग्रजी वृत्तातली बिनआघाताच्या आणि आघाताच्या अक्षरांची जोडी) लिहिलेलं उत्तर मी तरी पुढे वाचणार नाही.

कडक नियमात थांबा अर्थाच्या सांध्यावर यायला हवा. आता पाचवी ओळ पाहा:

अँ-सोल-दा-झ-न-बू ‖ शू-व्हेर-त-ते-त-न्यू

‘बूश ऊव्हेर्त’ म्हणजे उघडं तोंड. थांबा पडतो तो ‘तोंड’ आणि ‘उघडं’ यांच्या बरोबर मधे. दहाव्या ओळीतही तीच गत. ‘आँफाँ मालाद’, आजारी मूल. सहावं अक्षर ‘फाँ’, मूल तिथे संपतं, विसाव्यानंतर ‘मालाद’. मूल हसतं आहे असं वाटतं, आणि अर्ध्या श्वासानंतर कळतं की ते आजारी आहे. विसावा म्हणजे इथे जिन्याची मोडकी पायरी. पाय टाकेपर्यंत कळत नाही.

यमक कानानं तपासा

यमकांना अक्षरं देत जायचं. या कवितेची मांडणी येते अबअब, कडकड, चचट, ततट; शेवटचा गट तटट नव्हे. (तीन ओळींच्या गटात उलटापालट करणं ही नेहमीची चूक, म्हणून मुद्दाम लिहिलं.) कडक घाटात दोन्ही कात्रँना मिळून दोनच यमकं, आणि तीही अबबअ, अबबअ अशी कवेत घेतलेली असायची. रँबोनं चार वापरली, एकाआड एक. तेर्सेंची मांडणी मात्र जुनी, सोळाव्या शतकातल्या क्लेमाँ मारोच्या नावानं ओळखली जाणारी. तेव्हा ‘अनियमित सुनीत’ म्हणायचं आणि अनियमितपणा नेमका कुठे आहे तेही सांगायचं.

यमकाचं वजन समान ध्वनींवरून ठरतं. एक ध्वनी जुळला तर गरीब, दोन तर पुरेसं, तीन किंवा जास्त तर श्रीमंत. ‘कॉम’ आणि ‘सॉम’ यांत ऑ आणि म, पुरेसं. ‘नारीन’ आणि ‘प्वात्रीन’ यांत र, ई, न, म्हणजे श्रीमंत. ‘न्यू’ आणि ‘न्यू’ तर हुबेहूब एकच, पण पहिला उघडं (डोकं) आणि दुसरा ढग. उच्चार तोच, अर्थ निराळा. आपल्या अलंकारशास्त्रात मूळ यमक म्हणतात ते हेच.

शिवाय यमकाला लिंग असतं. शेवटी गळका ‘अ’ असेल तर स्त्रीयमक, नसेल तर पुरुषयमक. व्याकरणातल्या लिंगाशी याचा काही संबंध नाही. ‘सॉम’, डुलकी, हे नाम इथे पुल्लिंगी आहे आणि यमक मात्र स्त्री. जुना नियम सांगतो की दोन्ही आळीपाळीनं यावीत. या कवितेत तो चौदाच्या चौदा ओळी पाळला आहे. सोळा वर्षांच्या बंडखोरानं हा नियम जपावा आणि दुसरा मोडावा याची गंमत वाटते. मोडला तो डोळ्यांचा नियम. ‘ब्लऽ’, निळा, आणि ‘प्लऽ’, पाऊस पडतो: कानाला चोख, पण दुसऱ्या शब्दाच्या शेवटी न उच्चारलेला ‘त’ लिहावा लागतो, पहिल्याला नाही. जुन्या शिस्तीत हे चालत नसे. ‘फ्रवा’, थंडी, आणि ‘द्रवा’, उजवा, मात्र चालत. एकाच्या शेवटी लिहिलेला ‘द’ आणि दुसऱ्याच्या ‘त’, पण पुढच्या शब्दाला जोडताना तो ‘द’सुद्धा ‘त’ होतो.

ओळ सांडते तेव्हा

वाक्य ओळीच्या काठावरून पुढे वाहिलं की ते आँझांबमाँ. सांडलेला भाग छोटा, एखाद्या शब्दाचा असेल तर त्याला रजे म्हणतात. सगळ्यात जास्त मार्क याच भागात दडलेले असतात, आणि इथेच सगळ्यात आळशी उत्तरं लिहिली जातात.

या कवितेत असे चार ठळक शब्द पुढच्या ओळीच्या तोंडाशी येऊन पडले आहेत. तिसऱ्या ओळीत ‘दार्झाँ’, चांदीच्या. चौथीत ‘ल्वी’, चमकतो. सातवीत ‘दॉर’, झोपला आहे. चौदावीत ‘त्राँकील’, शांत. चारही एका रांगेत वाचा: चांदी, चमक, झोप, शांत. उजेडाकडून निश्चलतेकडे जाणारी ही वाट फक्त ओळींच्या काठावर दिसते, गद्यात केलेल्या सारांशात नाही. ‘दॉर’ हे तर एकच अक्षर. सैनिकाचं वर्णन दोन ओळी चालतं, क्रियापद येत नाही, येत नाही, आणि मग एका अक्षरात धपकन पडतं.

नववी ओळ त्याहून धीट आहे. ती ‘कॉम’वर, म्हणजे ‘सारखा’ या शब्दावर संपते. कशासारखा, ते पुढच्या ओळीत. मराठीत ‘तो हसतोय जसं की’ असं म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडावं, तसं.

‘पण ध्वनीला खरंच अर्थ असतो का?’

ही शंका रास्त आहे. ‘स आला म्हणजे शांतता, र आला म्हणजे क्रौर्य’ असली कोष्टकं फेकून द्यावीत. ‘स’ तर संतापातही आहे. ध्वनी स्वतः काही सांगत नाही. अर्थानं आधी दिशा दाखवली की तो त्याच दिशेला जोर लावतो. म्हणून क्रम असा: आधी तो ध्वनी त्या ओळीत शेजारच्या ओळींपेक्षा खरंच जास्त आहे का ते मोजा, मग तिथे अर्थ काय चालला आहे ते बघा, मग दोघांचं नातं लिहा.

बाराव्या ओळीत ‘फ’ तीनदा येतो: ले पार्फँ न फों पा ‖ फ्रिसोने सा नारीन. त्याआधीच्या ओळीत तो एकदाच आहे, नंतरच्या ओळीत एकदाही नाही. ‘फ’ म्हणजे ओठांतून सोडलेली फुंकर, आणि ओळ सांगते आहे की नाकपुडी हलत नाही. वाचणाऱ्याचा श्वास चालतो, सैनिकाचा नाही. इतकं म्हणायला आधार आहे. ‘फ हा मृत्यूचा ध्वनी आहे’ म्हणायला नाही.

न आलेला शब्दही ऐकावा लागतो. ‘दॉर’ कवितेत तीनदा आहे, सातव्या, नवव्या आणि तेराव्या ओळीत. त्याच्याशी अचूक जुळणारा ‘मॉर’, म्हणजे मृत, चौदा ओळींत कुठेही नाही. फ्रेंच कानाला ही जोडी इतकी जवळची की एक वारंवार वाजवला की दुसऱ्याची जागा रिकामी जाणवते.

‘सोळा वर्षांच्या मुलानं हे सगळं मोजून केलं?’

बोटांवर मोजत बसला नसेल. पण रँबोला शाळेत लॅटिन पद्यरचनेसाठी बक्षिसं मिळाली होती. छंदात लिहिणं हा त्याचा रोजचा गृहपाठ होता, कीर्तनकाराला ओवी जशी जिभेवर असते तसा. शिवाय आपण कवीच्या डोक्यात शिरत नाही आहोत. कागदावर काय आहे आणि ते कानाशी काय करतं, एवढंच बोलायचं आहे.

‘भाषांतर वाचून विश्लेषण करता येईल का?’ असंही विचारतात. आशयाचं येईल. या लेखात जे मोजलं त्यातलं जवळपास काहीच भाषांतरात उरत नाही. देवनागरीत उच्चार लिहून घेतले तर मात्र फ्रेंच जेमतेम येणाऱ्यालाही बरंच हाती लागतं. उच्चार लिहिण्याची खास चिन्हं शिकण्याआधी ही युक्ती वापरायला हरकत नाही, फक्त गळका ‘अ’ वेगळ्या रंगात लिहा.

उत्तरात काय लिहायचं

‘कवीने अलेक्झांड्रिन हे वृत्त वापरले असून सेझ्यूरचा सुंदर उपयोग केला आहे’ हे वाक्य कुठल्याही फ्रेंच कवितेला चिकटवता येतं, म्हणून ते निकामी. आता शेवटची ओळ मोजून, मोठ्यानं म्हणा:

त्राँ-की-ली-ला-दऽ-त्रू ‖ रू-झ-झो-को-ते-द्रवा

आणि मग लिहा: ‘त्रू (खळगा, भोक) हा शब्द पहिल्या ओळीत हिरवळीचा होता. चौदाव्या ओळीत तो बरोबर सहाव्या अक्षरावर येतो. विसाव्यापर्यंत फक्त “दोन भोकं” ऐकू येतात. विसाव्यापलीकडचं पहिलंच अक्षर “रू” मागच्या “त्रू”चा प्रतिध्वनी आहे, आणि त्या प्रतिध्वनीतून “लाल” हा शब्द तयार होतो. आठव्या ओळीनंतर अपेक्षित असलेलं वळण कवीनं इथपर्यंत, शेवटच्या सहा अक्षरांपर्यंत, राखून ठेवलं आहे.’